ग्लुकोमीटरचा आकडा पटत नाही, स्ट्रिप पुरत नाहीत: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

घरी शुगर तपासणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून त्याच असतात. लॅबमध्ये १३८ आली, मग घरी १५५ कशी? लागोपाठ दोनदा पाहिलं तर दोन वेगळे आकडे का? रक्त लावलं की मशीन एरर दाखवतं. महिनाभर पुरेल म्हणून आणलेली स्ट्रिपची डबी पंधरवड्यात संपते. तक्रारी चार असल्या तरी पैसा एकाच वाटेने जातो: स्ट्रिप खर्च होते आणि हाती भरवशाचा आकडा येत नाही. त्यामुळे डबीवरची किंमत बघून हिशोब करू नये. विश्वास ठेवता येईल असा एक आकडा आपल्याला कितीला पडतो, ते पाहावं.

खालचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. भारतात विकली जाणारी मशीन हेच माप दाखवतात.

लॅबचा आणि घरचा आकडा जुळत नाही

आधी किती फरक चालतो ते माहीत हवं. ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७ हे मानक आहे. त्याच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार, शुगर १०० च्या खाली असेल तर मशीनचा आकडा लॅबच्या आकड्यापेक्षा जास्तीत जास्त १५ ने कमी-जास्त असावा. १०० किंवा त्याहून जास्त असेल तर १५ टक्क्यांनी. आणि तेही १०० पैकी किमान ९५ वेळा. म्हणजे खरी शुगर १५० असताना १२८ पासून १७२ पर्यंतचा कोणताही आकडा आला, तरी मशीन नियमात आहे. १३८ आणि १५५ मधला फरक साधारण १२ टक्के आहे. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

फरक याहून मोठा असेल तर मशीनला दोष देण्याआधी दोन तपासण्या एकाच वेळच्या होत्या का, ते पाहा. सकाळी ८ ला उपाशीपोटी रक्त दिलं आणि साडेनऊला घरी चहा-बिस्किटं झाल्यावर बोट टोचलं, तर ती तुलनाच होत नाही. शिवाय लॅबवाले शिरेतलं रक्त घेतात आणि आपण बोटाच्या केशवाहिन्यांतलं. उपाशीपोटी या दोन्हींत फारसा फरक नसतो. जेवणानंतर मात्र बोटातल्या रक्तात साखर जास्त असते, कधी कधी २० टक्क्यांपर्यंत. म्हणून मशीनची परीक्षा घ्यायची ती उपाशीपोटीच.

चूक लॅबच्या बाजूनेही होऊ शकते, हे फारसं कुणी सांगत नाही. नळीत काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. साध्या नळीतलं रक्त खोलीच्या तापमानाला पडून राहिलं तर दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते, उन्हाळ्यात त्याहून वेगाने. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा आणखी चार घरं करून दोन तासांनी लॅबला पोचला, तर तुमची १४० तिथे १२५ वर आलेली असू शकते. शुगरसाठी राखाडी झाकणाची, फ्लोराइड असलेली नळी वापरतात ती यासाठीच. त्यानेही पहिल्या तास-दीड तासातली घट पूर्ण थांबत नाही. रक्त घेताना झाकणाचा रंग पाहायला आणि नळी लॅबला कधी पोचणार हे विचारायला संकोच करू नका.

नीट तुलना करायची तर मशीन लॅबमध्ये घेऊन जा. उपाशीपोटी जा, साबणाने हात धुऊन कोरडे करा. शिरेतलं रक्त काढल्यावर पाच मिनिटांच्या आत दुसऱ्या हाताचं बोट टोचून आकडा घ्या आणि वेळेसकट लिहून ठेवा. वर्षातून एक-दोनदा, किंवा नवं मशीन घेतल्यावर एकदा, इतकं पुरे. एक स्ट्रिप लागते आणि पुढच्या कित्येक वाचतात. मशीन दर वेळी सातत्याने ८-१० टक्के वर दाखवत असेल, तर ते मशीन वापरण्याजोगं आहे. डॉक्टरांना तेवढं सांगून ठेवायचं. एकदा २० टक्के वर, एकदा १५ टक्के खाली असं होत असेल तर पुढचं वाचा.

लागोपाठ दोन वेगळे आकडे

१४२ आणि मग १५७. तिसऱ्यांदा टोचू नका. दोन्हींचा अर्थ एकच आहे आणि त्यावर तुमची गोळी किंवा जेवण बदलणार नाही. सगळ्यात जास्त स्ट्रिप इथेच वाया जातात: पटेल असा आकडा येईपर्यंत टोचत राहण्यात.

पुन्हा तपासायचं कधी? आकडा आणि अंगातली लक्षणं यांचा मेळ बसत नसेल तेव्हा. काहीच त्रास नाही आणि मशीन ५२ दाखवतंय, किंवा रोज १५० च्या आसपास असणाऱ्याला अचानक ३४० आली, तर हात धुऊन दुसऱ्या बोटावर एकदा पाहायचं. पण दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ असं काही होत असेल, तर मशीन काहीही दाखवो, आधी साखर द्या. आकडा ७० च्या खाली असेल तेव्हाही हेच: १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. वोग्लिबोज किंवा अकार्बोज असलेली गोळी चालू असेल तर साध्या साखरेचा उपयोग लवकर होत नाही, कारण साखर पचवून तिचं ग्लुकोज करण्याचं कामच ती गोळी अडवते. आपल्याकडे मधुमेहाच्या अनेक एकत्रित गोळ्यांमध्ये वोग्लिबोज असतं. पाकिटामागची नावं आजच वाचा आणि घरात ग्लुकोज पावडर आणून ठेवा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

अचानक खूप जास्त आकडा: आधी हात

शुगर १०० असताना एक मायक्रोलिटर रक्तात ग्लुकोज किती असतं? एक मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. बऱ्याच स्ट्रिपना एक मायक्रोलिटरपेक्षाही कमी रक्त लागतं. तेव्हा बोटावर एवढंच, डोळ्यांना न दिसणारं ग्लुकोज चिकटलेलं असेल तर १०० चे २०० होतात. आंबा चिरला, द्राक्षं निवडली, केळं सोललं, मधाची बाटली उघडली, नातवाला ग्लुकोजचं पाणी कालवून दिलं आणि त्याच हातांनी शुगर पाहिली की असा आकडा येतो.

स्पिरिटचा कापूस फिरवून ही साखर पुरती निघत नाही. साबण आणि वाहतं पाणी लागतं आणि नंतर हात पूर्ण कोरडे व्हायला हवेत. ओल राहिली तर उलटी चूक होते, रक्त पातळ होऊन आकडा खाली येतो. प्रवासात पाणी नसेल तर पहिला थेंब स्वच्छ कापसाने पुसून दुसरा वापरा. हात धुतलेले असतील तर पहिला थेंब चालतो, तो पुसायची गरज नाही. सॅनिटायझर लावलाच तर तो वाळेपर्यंत थांबा.

एरर येते, किंवा रक्त कमी पडतं

एररचे क्रमांक प्रत्येक मॉडेलचे वेगळे असतात. मशीनसोबत आलेला कागद सापडत नसेल तर मॉडेलचं नाव शोधून त्याची पुस्तिका फोनमध्ये ठेवा. मात्र एलओ आणि एचआय ही अक्षरं एरर नाहीत. एलओ म्हणजे शुगर मशीनच्या मोजमापाच्या खाली (बहुतेक मशीनमध्ये २० किंवा १०), आणि एचआय म्हणजे साधारण ६०० च्या वर. हात धुऊन लगेच एकदा खात्री करा. पुन्हा तेच आलं तर डॉक्टरांना फोन करा, आणि एलओ असेल तर वर सांगितल्याप्रमाणे आधी साखर द्या.

बाकीच्या बहुतेक एररचं कारण थेंब असतो. स्ट्रिप घातल्यावर थेंबाचं चिन्ह लुकलुकायला लागण्याआधी रक्त लावलं, थेंब लहान होता, किंवा एकदा लावून कमी पडला म्हणून वरून दुसरा लावला. काही मॉडेलना ३० ते ६० सेकंदांत आणखी रक्त लावलेलं चालतं. बाकीच्यांत ती स्ट्रिप गेली. घरात कुणाचे हात थरथरत असतील तर नवं मशीन घेताना ही सोय आहे का, एवढं एक विचारा. काही रुपये महाग पडलं तरी ते मशीन स्वस्तात पडतं.

थेंब नीट यावा म्हणून: कोमट पाण्याने हात धुवा, हात अर्धा मिनिट खाली सोडून ठेवा, मग तळव्याकडून बोटाच्या टोकाकडे हलकेच चोळा. टोचायचं ते बोटाच्या टोकाच्या कडेला. मधल्या मऊ गादीत नाही, तिथे दुखतं जास्त. बोट टोचायच्या पेनवर, सुई किती खोल जाईल त्याचे आकडे असतात. २ किंवा ३ पासून सुरू करा. घट्टे पडलेल्या शेतकरी हातांना ४-५ लागेल. थेंब साबुदाण्याच्या बारीक दाण्याएवढा झाला की स्ट्रिपची कड त्याला नुसती टेकवा, ती रक्त स्वतः ओढून घेते. वरून थापायचं नाही. (जुन्या प्रकारच्या काही स्ट्रिपवर रक्त वरच्या चौकटीत लावतात, त्यांची गोष्ट वेगळी.) टोचल्याच्या जागेशीच बोट जोरात पिळलं तर रक्तात पेशींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा चुकतो. थेंब येत नसेल तर पिळत बसण्यापेक्षा दुसरं बोट घ्या.

चिपवर किंवा कोडवर चालणारं मशीन असेल तर प्रत्येक नव्या डबीबरोबरची चिप बदलायची किंवा डबीवरचा कोड मशीनवरच्या कोडशी ताडून पाहायचा. कोड चुकीचा असला तर एरर येईलच असं नाही, आकडा मात्र चुकतो.

डबी नवी, तरी आकडे वेडेवाकडे

स्ट्रिपवर एन्झाइमचा थर असतो. ऊब आणि दमट हवा लागली की तो मरतो आणि आपल्याला दिसत नाही. बहुतेक डब्यांवर ३० अंशांपर्यंतच ठेवा असं छापलेलं असतं. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा दुपारभर कुरिअरच्या गाडीत, गॅलरीत किंवा मोटारीच्या डॅशबोर्डवर पडलेली डबी किती बिघडली असेल ते सांगता येत नाही. उन्हाळ्यात ऑनलाइन मागवण्यापेक्षा ओळखीच्या मेडिकलमधून, थंड जागी ठेवलेली डबी घेतलेली बरी. कोकणात जुलैमध्ये धोका दमट हवेचा असतो. डबीच्या झाकणात किंवा आत ओल शोषणारा पदार्थ असतो, म्हणून झाकण 'टक्' वाजेपर्यंत लावायचं आणि एक स्ट्रिप काढली की लगेच लावायचं. स्ट्रिपा दुसऱ्या डबीत काढून ठेवू नका, दोन डब्या एकत्र करू नका. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यांना पाणी सुटतं. थंड म्हणून माठाशेजारीही नको, न्हाणीघराजवळही नको. कपाटातला आतला कप्पा सगळ्यांत चांगला.

डबी उघडली त्या दिवशी तिच्यावर पेनने तारीख घाला. काही कंपन्यांच्या स्ट्रिप उघडल्यापासून तीन किंवा सहा महिनेच चालतात, काहींच्या छापील मुदतीपर्यंत. डबीवरचा मजकूर वाचल्याशिवाय ते कळत नाही.

मशीनलाही तापमानाची मर्यादा असते, साधारण १० ते ४० अंश. थर्मामीटरचं चिन्ह आलं तर मशीन खोलीत सावलीला २० मिनिटं ठेवून पुन्हा पाहा. सेल बदलल्यावर तारीख-वेळ लावून घ्या, नाहीतर मेमरीतल्या आकड्यांवरून डॉक्टरांना उपाशीपोटीचा कोणता आणि जेवणानंतरचा कोणता ते कळणार नाही. बटण सेल लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका भाजते. जुना सेल इकडेतिकडे टाकू नका.

स्ट्रिप बिघडली की मशीन, हे ठरवायला कंट्रोल सोल्यूशन असतं: ग्लुकोजचं प्रमाण ठरवून दिलेलं द्रावण. रक्ताऐवजी त्याचा थेंब लावायचा आणि आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत आला का ते पाहायचं. ते त्याच कंपनीचं, त्याच स्ट्रिपचं लागतं. मेडिकलमध्ये ते सहसा मिळत नाही. कंपनीच्या मदत क्रमांकावर मागा. बाटली उघडल्यावर साधारण तीन महिने चालते. ती मिळत नसेल तर दुसरी, वेगळ्या बॅचची डबी आणून एकदा ताडून पाहणं, हाच व्यवहार्य मार्ग.

हात स्वच्छ, स्ट्रिप चांगली, तरी लॅबशी मोठा फरक

मग रक्त पाहायचं. ग्लुकोमीटर पेशींसकट अख्ख्या रक्तातली शुगर मोजतो. रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण खूप कमी असेल तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, खूप जास्त असेल तर कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना ॲनिमिया आढळला होता. घरातल्या बाईचं हिमोग्लोबिन ७-८ असेल आणि तिची घरची शुगर सतत लॅबपेक्षा वर येत असेल, तर त्या आकड्यांवर गोळी वाढवण्याआधी डॉक्टरांना हिमोग्लोबिन दाखवा. लोहाच्या कमतरतेत तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणीही खोटी वर जाऊ शकते, तेव्हा दोन्हीकडून एकच चूक होते.

व्हिटॅमिन सीचे मोठे डोस काही मशीनमध्ये आकडा फुगवतात. पोटाच्या डायलिसिसमध्ये आयकोडेक्स्ट्रिन असलेलं द्रावण वापरत असाल, तर काही प्रकारच्या स्ट्रिप त्यापासून बनणाऱ्या माल्टोजला ग्लुकोज समजतात आणि शुगर खाली असताना वर दाखवतात. हे जिवावर बेतू शकतं. कोणती स्ट्रिप चालेल ते डायलिसिस युनिटलाच विचारा.

रात्री झोपताना ११८ आणि सकाळी काही न खाता १५० आली, तर बहुतेक वेळा मशीनची चूक नसते. पहाटे शरीरातली काही संप्रेरकं वाढतात, यकृत साखर रक्तात सोडतं. असं वारंवार होत असेल तर दोन-तीन रात्री पहाटे ३ ला एकेक आकडा घेऊन डॉक्टरांना दाखवा.

परदेशातून आलेलं मशीन

इंग्लंड, ऑस्ट्रेलिया किंवा कॅनडातून मुलाने पाठवलेलं मशीन ७.८ दाखवतं आणि घर घाबरतं. तिथलं माप मिलिमोल प्रति लिटर. १८ ने गुणा, १४० येतील. बऱ्याच मशीनमध्ये माप बदलता येत नाही, आणि त्या मॉडेलची स्ट्रिप इथे मिळेल याचा भरवसा नाही. पाठवायचंच असेल तर पैसे पाठवावेत आणि मशीन इथलं घ्यावं.

खर्च कुठे मुरतो

मशीन स्वस्त किंवा डबीसोबत फुकट मिळतं, कारण पुढे वर्षानुवर्षं त्याच कंपनीची स्ट्रिप घ्यावी लागते. म्हणून उलट क्रमाने खरेदी करा. आधी आपल्या गावातल्या दोन मेडिकलमध्ये कोणती स्ट्रिप नेहमी असते आणि एका स्ट्रिपला किती पडते ते विचारा, मग तिचं मशीन घ्या.

५० ची डबी ९०० रुपयांची धरू, म्हणजे स्ट्रिप १८ रुपयांची. रोज दोनदा तपासणी म्हणजे महिन्याला ६०, खर्च १०८०. पाचातली एक स्ट्रिप एररमध्ये किंवा उगाच फेरतपासणीत गेली तर ६० आकड्यांसाठी ७५ स्ट्रिप लागतात, १३५० रुपये. आठवड्यातून दोनदाच पाहणाऱ्याचं वेगळंच होतं: उघडल्यावर तीनच महिने चालणारी ५० ची डबी आणली तर त्यातल्या २६ वापरल्या जातात, २४ फेकाव्या लागतात, आणि एक आकडा जवळजवळ ३५ रुपयांना पडतो. अशांनी २५ ची डबी घ्यावी, स्ट्रिपमागे दोन रुपये जास्त पडले तरी. सवलतीत तीन डब्या घेताना तिन्हींच्या मुदती वाचा. मोठी सवलत बऱ्याचदा मुदत जवळ आलेल्या मालावर असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर आणि स्ट्रिपवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, बिलावर कर किती लावला ते पाहा.

खरी बचत मात्र कधी तपासायचं हे ठरवण्यात आहे. इन्सुलिन घेणारे, गरोदर स्त्रिया आणि ग्लिमेपिराइडसारख्या शुगर खाली नेऊ शकणाऱ्या गोळ्या घेणारे यांनी डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या पैशासाठी कमी करू नयेत. नुसत्या मेटफॉर्मिनवर शुगर स्थिर असलेल्याला रोज सकाळी उपाशीपोटी टोचण्यातून नवं फारसं काही कळत नाही. त्याऐवजी डॉक्टरांकडे जाण्याआधीच्या आठवड्यात जोडीने तपासा: एक दिवस नाश्त्याआधी आणि नंतर, दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला, तिसऱ्या दिवशी रात्रीच्या. 'नंतर' म्हणजे पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी, ताटावरून उठल्यापासून नाही. सहा स्ट्रिपांत पोहे, भाकरी आणि भात यांतलं आपल्याला काय जड जातं ते समजतं. आकड्याशेजारी काय खाल्लं आणि किती, हे दोन शब्दांत लिहा.

सुया

लॅन्सेट, म्हणजे टोचायच्या पेनमधल्या सुया, स्ट्रिपच्या मानाने फार स्वस्त असतात आणि नेमकी तिथेच काटकसर होते. एकच सुई आठवडाभर वापरली की ती बोथट होते, जास्त दुखतं, थेंब लहान येतो आणि १८ रुपयांची स्ट्रिप वाया जाते. दर वेळी नवी घ्या. ३० किंवा ३३ गेजची सुई बारीक असते, जाड कातडीला २८ गेज बरी. आजी-आजोबा दोघांना मधुमेह असेल तर मशीन एक चालेल, पेन आणि सुया वेगळ्या हव्यात. सुई बदलली तरी पेन सामायिक नको, कारण त्याच्या टोकाला रक्त लागलेलं असू शकतं आणि हिपॅटायटिस बी त्यातून पसरतो.

वापरलेली सुई कचऱ्याच्या पिशवीत टाकली तर ती कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटात जाते. कपडे धुण्याच्या द्रवाची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली ठेवा, सुया आणि स्ट्रिपा तिच्यात टाका, तीन चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर मराठीत 'सुया' असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि कचरा न्यायला येणाऱ्यांच्या हातात वेगळी द्या, किंवा तुमचा दवाखाना घेत असेल तर तिथे नेऊन द्या.